जुना ट्रक उघडताना जीव मेटाकुटीला आलाय, ज्यानं डिझाइन केला त्यानं कधी पाना हातात धरला होता का?

गुळाची_गाडी

नमस्कार मंडळी. धागा मोठा होणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

आमच्या अण्णांचा १९६२ मॉडेलचा ट्रक आहे. नाकवाला, सहा सिलिंडर डिझेल. अण्णांनी तो १९७१ ला जुना म्हणून घेतला आणि त्याच्यावर कोल्हापुरात गूळ भरून मुंबईला मस्जिद बंदरला नेला, तिकडनं येताना मिळेल तो माल. आमचं घर, बहिणींची लग्नं, माझं शिक्षण सगळं त्या हौद्यातनं आलंय. गेली २२ वर्षं गाडी गोठ्यामागं पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. अण्णा आता ८२ वर्षांचे आहेत आणि मला गाडी त्यांच्यासमोर चालू करायची आहे, एवढंच. रस्त्यावर धंदा करायचा नाही, विकायची नाही, रंग मारून मिरवायची पण नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही, आज तिकडं कुणी उत्तर द्यायला नाही आणि मला भांडण कंपनीशी नाहीच, मला त्या कागदावर रेघा ओढणाऱ्या माणसाशी बोलायचंय. दोन महिने झाले दर शनिवार-रविवार मी या गाडीखाली पडतोय आणि एकेक नट सोडताना एकच विचार येतो की बाबा रे, तू हे बसवलंस कसं ते कळलं, पण हे एक दिवस कुणालातरी काढावं लागेल असं तुझ्या मनात आलंच नाही का?

उदाहरण देतो. सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करायची मोटर, काढायचा होता. तीन बोल्ट आहेत. खालचे दोन हाताला येतात. वरचा बोल्ट स्टिअरिंग बॉक्सच्या आणि चेसिसच्या मधल्या फटीत आहे, वरून बघितला तर एक्झॉस्टचा पाइप आडवा येतो, खालून बघितला तर दिसतच नाही, बोटानं चाचपडून कळतो. रिंग पाना बसतो पण फिरवायला एक इंचसुद्धा जागा नाही. म्हणजे सेल्फ काढायचा तर स्टिअरिंग बॉक्स हलवायचा, तो हलवायचा तर ड्रॉप आर्म (बॉक्समधनं निघणारा स्टिअरिंगचा दांडा) काढायचा, ड्रॉप आर्मला पुलर लावायला जागा नाही कारण पुढचा पाटा (स्प्रिंग) तिथंच. एका बोल्टसाठी अडीच दिवस गेले.

ब्रेकचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फळीच्या खाली. तेल ओतायचं टोपण फक्त वरून उघडतं. कंपनीनं चेसिस आणि पुढचं नाक दिलं, केबिन इकडं बांधली, सागवानी सांगाडा आणि वर पत्रा, त्या काळी सगळ्यांचं तसंच. बांधणाऱ्यानं फळीवर जाड चेकर्ड प्लेट ठोकली आणि टोपणासाठी भोक ठेवलंच नाही. अण्णा म्हणाले, "ब्रेकचं तेल बघायचं म्हणजे सीट काढायची, प्लेट काढायची, म्हणून कुणी बघायचंच नाही." हे ऐकून अंगावर काटा आला हो. खंबाटकी उतरायची ती गाडी, गूळ भरून.

आणि आता मुख्य अडचण. क्लच प्लेट बघायची म्हणून गिअरबॉक्स उतरवायला घेतला. गिअरबॉक्स मागं सरकल्याशिवाय त्याचा शाफ्ट क्लचमधनं बाहेर येत नाही. माझ्या मापानं साधारण ८ इंच मागं यायला पाहिजे. ५ इंचावर चेसिसची आडवी पट्टी आहे, आणि ती रिव्हेट मारलेली आहे. बोल्ट नाही, रिव्हेट, म्हणजे ठोकून कायमचा बसवलेला. मग इंजिनच पुढं काढावं म्हटलं तर रेडिएटरच्या खालची आडवी पट्टी पण रिव्हेटची.

कुणी असल्या जुन्या गाडीवर काम केलं असेल तर सांगा. रिव्हेट कापू का? मला चेसिसची वाट लावायची नाही.

फिटर_सातारकर

भावा, पहिल्यांदा हात जोडून सांगतो, गॅसनं कापू नको. भले भले मिस्त्री कटर घेऊन दहा मिनिटांत रिव्हेट उडवतात, पण चेसिसच्या लोखंडाला नको त्या जागी लाल केलं की तिथनंच पुढं चीर जाते. गॅरेजमधी मी ३१ वर्षं काढली, गॅसनं कापलेल्या भोकाच्या कडंला चीर गेलेल्या चेसिस मी स्वतः डोळ्यानं बघितल्यात.

रिव्हेटचं डोकं ग्राइंडरनं सपाट कर, मधोमध पंच मार, मग आधी लहान ड्रिल मग मोठं, पण रिव्हेटच्या मापापेक्षा एक नंबर बारीकच ठेव, भोकाला धक्का लागता कामा नये. मग जाड पंच लावून हातोड्यानं बाहेर ढकल. एकेक रिव्हेटला अर्धा पाऊण तास जाईल, जाऊ दे.

आणि चाकं काढलीस का? नसशील तर आधी एवढं वाच. डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे, म्हणजे उलट्या दिशेनं फिरवून सुटणारे, असायची दाट शक्यता आहे.

गुळाची_गाडी

सातारकर काका, तुमचा प्रतिसाद तीन आठवडे आधी यायला पाहिजे होता. डाव्या मागच्या चाकाचे तीन स्टड मी तोडले. नट हलेना म्हणून रात्रभर डिझेलमध्ये भिजत ठेवले, दुसऱ्या दिवशी टॉमीला ५ फुटी पाइप लावला, मी आणि चुलतभाऊ दोघं लटकलो, आणि कट्ट आवाज झाला. मला वाटलं नट सुटला. स्टड तुटला होता. तीन तुटल्यावर हबवरचं ग्रीस आणि माती वायर ब्रशनं घासली तेव्हा उरलेल्या स्टडच्या टोकावर बारीक "एल" ठोकलेला दिसला. सहा-सात मिलिमीटरचं अक्षर, ६० वर्षांच्या चिखलाखाली.

अण्णांना विचारलं तर म्हणाले, "अरे डावीकडं उलटेच की, विचारायचं न्हाय का." त्यांना ते इतकं अंगवळणी पडलंय की सांगायची गोष्टच वाटली नाही.

उलटे_आटे

माझं नाव बघूनच कळलं असेल मी हा प्रतिसाद का देतोय. 🙂

उलटे आटे हा डिझाइनचा दोष म्हणता येणार नाही दादा. चाक पुढं फिरताना नटाच्या बसायच्या जागेत थोडी जरी ढिलाई असली तरी नट हळूहळू एका दिशेनं सरकायला बघतो. उजव्या बाजूला साधा आटा आपोआप घट्ट होतो, डाव्या बाजूला तोच सुटायला लागतो. म्हणून डावीकडं उलटा आटा द्यायचे. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्हीकडच्या जुन्या ट्रकांवर ही पद्धत होती, आपल्याकडं पण खूप वर्षं चालली. कल्पना बरोबर होती, पण खूण इतकी बारीक आणि अशा जागी की जो माणूस नटाला पाना लावतो त्याला ती दिसतच नाही. नट बसवला की स्टडचं टोक चिखलात. नटाच्या तोंडावर मोठी खाच पाडली असती तर तुमचे तीन स्टड वाचले असते.

आणि एक, ते रिम एकसंध आहेत का रिंगवाले, म्हणजे टायर धरणारी कडेची रिंग वेगळी निघणारे? रिंगवाले असतील तर हवा पूर्ण काढल्याशिवाय, म्हणजे व्हॉल्व्हची पिन बाहेर काढून हवा शून्य झाल्याशिवाय रिंगेला हात लावू नका. लॉक रिंग सुटून माणसं गेलेली आहेत. मागच्या जोडचाकाला तर नट सोडायच्या आधीच दोन्ही टायरची हवा काढा, आतलं रिम चिरलेलं असलं तर नट सुटताच रिंग उडते. हवा भरताना पण लोखंडी पिंजऱ्यात ठेवून लांब नळीनं भरायची, आणि समोर उभं राहायचं नाही.

गुळाची_गाडी

रिंगवालेच आहेत. हवा २२ वर्षांत आपोआपच गेलीय तरी पिना काढून खात्री करून घेतो. धन्यवाद दादा, हे माहीत नव्हतं.

लेथ_आणि_मी

तुमच्या पोस्टमध्ये "रिंग पाना बसतो" असं लिहिलंय म्हणून विचारतो, कुठला पाना लावताय? गाडी १९६२ ची आणि इंजिनचं डिझाइन ब्रिटिश असेल तर मिलिमीटरचे पाने लावून नटांची डोकी गोल करून ठेवाल. आमच्याकडं लेथवर असल्या गोल झालेल्या नटांचे बोल्ट घेऊन लोक येतात आणि म्हणतात नवीन करून द्या.

गुळाची_गाडी

हेच तर! बऱ्याच ठिकाणी १३ चा पाना जात नाही आणि १४ चा फिरतो. १८ चा मात्र काही ठिकाणी बरोबर बसतो. मला वाटलं नट झिजलेत.

लेथ_आणि_मी

झिजले नाहीत. ते व्हिटवर्थचे आहेत. जरा सविस्तर लिहितो, कारण याच्यातच अर्धी मेहनत वाया जाते.

व्हिटवर्थनं इंग्लंडमध्ये १८४१ ला आट्यांचं पहिलं प्रमाण ठरवलं. त्याच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा. पान्यावर जो आकडा असतो तो नटाच्या डोक्याच्या मापाचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. म्हणजे पाव इंची व्हिटवर्थ पाना उघडतो ०.५२५ इंच, म्हणजे साधारण १३.३ मिमी. म्हणून तुमचा १३ जात नाही, १४ फिरतो. ३/८ चा पाना ०.७१० इंच, म्हणजे १८.०३ मिमी, म्हणून तुमचा १८ बरोबर बसला. बारीक आट्याची बीएसएफ मालिका वेगळी, तिथं डोकं एक माप लहान, म्हणून जुन्या पान्यांवर ३/८ डब्ल्यू आणि ७/१६ बीएस असे दोन आकडे एकाच तोंडावर असतात.

मग १९४८ ला अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडानं मिळून युनिफाइड आटे ठरवले, कोन ६० अंश. आणि आपल्याकडं १९५६ च्या कायद्यानं मेट्रिक यायला लागलं. तुमचा ट्रक बरोबर या तिठ्यावरचा आहे. इंजिन जुन्या ड्रॉइंगचं, ॲक्सल नव्या ड्रॉइंगचा, केबिनचे बोल्ट इथल्या बाजारातले.

धोका कुठं आहे ते सांगतो. पाव इंचापासून ७/१६ पर्यंत व्हिटवर्थचे आणि युएनसीचे (युनिफाइडमधले जाड आटे) इंचाला आटे सारखेच आहेत, पाव इंचाला २०, ३/८ ला १६. म्हणून एकाचा बोल्ट दुसऱ्यात हातानं जातो, घट्ट पण होतो, पण कोन वेगळा असल्यानं आट्याला आटा नीट टेकत नाही आणि भार आला की सोलून निघतो. अर्ध्या इंचाला मात्र व्हिटवर्थ १२ आणि युएनसी १३, तिथं दोन-तीन फेऱ्यांत अडकतो आणि माणूस पाइप लावून जोर करतो. आधीच्या मिस्त्रींनी असं कुठं कुठं केलं असेल ते तुम्हाला आता एकेक बोल्ट काढताना कळेल.

एक थ्रेड गेज घ्या, पट्ट्यांचा जुडगा मिळतो, ५५ अंशांचा वेगळा आणि ६० चा वेगळा. प्रत्येक बोल्ट काढला की गेज लावा, पिशवीत घाला, पिशवीवर जागा आणि आटा लिहा. कंटाळा येईल पण करा.

गुळाची_गाडी

दादा तुम्ही माझे दोन महिने वाचवले असते. आज गेज लावून बघितला. चेंबरच्या (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) २४ बोल्टपैकी १९ बीएसएफ, ३ युएनएफ (युनिफाइडमधले बारीक आटे), आणि २ चक्क मेट्रिक, ठोकून बसवलेले. ते दोन निघताना इंजिन ब्लॉकचे आटे सोबत घेऊन आले, बोल्टवर ॲल्युमिनियमची नाही, बिडाची काळी भुकटी चिकटून आली.

आणि चेंबरचं पण तेच रडगाणं. मागचे चार बोल्ट आडव्या पट्टीच्या बरोबर वर. पाना लावायचा तर इंजिन माउंटिंग सोडून इंजिन दीड-दोन इंच वर उचलावं लागतं. म्हणजे नुसती चेंबरची पॅकिंग बदलायला इंजिन उचलायचं.

घाटमाथा

या सगळ्यात मला एक प्रश्न पडतो. त्या काळात या गाड्या लाखो किलोमीटर धावल्या. तेव्हाचे मिस्त्री काय करत होते? त्यांना पण हाच त्रास झाला असणार ना? का आपल्यालाच जमत नाही?

फिटर_सातारकर

घाटमाथा, झाला की. आम्ही पाने वाकवून ठेवलेले असायचे. सेल्फचा वरचा बोल्ट, फ्युएल पंपाचा आतला नट, मॅनिफोल्डचा मागचा स्टड, एकेका जागेचा एकेक वाकडा पाना. वस्तादाच्या पेटीत असले आठ-दहा वाकडे पाने असायचे आणि पोरांनी त्याला हात लावला की कानाखाली बसायची. कुठल्याही पुस्तकात ते पाने नाहीत. वस्ताद गेला की पेटी भंगारात गेली.

गुळाची_गाडी भावा, तू पण कर. जुना चांगल्या लोखंडाचा रिंग पाना घे, नवा स्वस्तातला नको, तो वाकवताना चिरतो. तोंडापासून दोन इंचावर गॅसनं लाल कर, व्हाइसमध्ये धरून हळूहळू वाकव, एका दमात नको. मग तसाच हवेत थंड होऊ दे, पाण्यात बुडवायचा नाही, बुडवलास तर काचेसारखा मोडेल.

डिझाइनवाली

नमस्कार. मी पुण्यात एका कंपनीत चेसिस डिझाइनमध्ये आहे, हा धागा पहिल्यापासून वाचतेय. त्या काळच्या डिझायनरची बाजू पण आणि त्याची चूक पण, दोन्ही सांगावंसं वाटलं.

ट्रक कारखान्यात कसा बनतो ते डोळ्यासमोर आणा. सुरुवातीला नुसती चेसिस असते, खूप ठिकाणी ती उलटी ठेवून पाटे आणि ॲक्सल बसवतात आणि मग सुलटी करतात. इंजिन आणि गिअरबॉक्स बाहेरच एकमेकांना जोडलेले असतात, ती जोडगोळी क्रेननं वरून खाली सोडतात. तेव्हा वर केबिन नसते, रेडिएटर नसतो, स्टिअरिंग नसतं. सगळं मोकळं. तुमच्या सेल्फचा तो वरचा बोल्ट तर इंजिन चेसिसवर येण्याआधीच, टेबलावर, चारी बाजूंनी मोकळा असताना आवळलेला असतो. तो आवळणाऱ्याला अर्धं मिनिट लागलं असेल. डिझायनरनं तेवढंच बघितलं.

रिव्हेटचं कारण वेगळं आहे. ट्रकची चेसिस मुद्दाम थोडी पिळली जावी अशी असते. खड्ड्यात एक चाक गेलं की चेसिस पीळ खाते. साधा बोल्ट अशा पिळात ढिला होतो, भोकात हलायला लागतो आणि भोक अंडाकृती होतं. रिव्हेट भोक पूर्ण भरून टाकतो, हलत नाही. म्हणून आडव्या पट्ट्यांना रिव्हेट, हे तेव्हाही बरोबर होतं आणि आजही पुष्कळ ट्रकांत तसंच करतात.

पण गिअरबॉक्सच्या मागची पट्टी? क्लच प्लेट झिजणारी वस्तू आहे. ती झिजणारच हे ड्रॉइंगवर पहिल्या दिवशी माहीत असतं. झिजणाऱ्या वस्तूच्या वाटेत न निघणारी पट्टी घालायची नसते. ती एक पट्टी बोल्टची ठेवायला पाहिजे होती, किंवा ३ इंच मागं घ्यायला पाहिजे होती. ही चूकच आहे आणि मला ती माझ्या धंद्यातल्या माणसाची म्हणून जास्त लागते.

उपाय सांगते. रिव्हेट सातारकर काकांनी सांगितलं तसे काढा. पट्टी परत बसवताना परत रिव्हेट मारू नका. भोकं रीमरनं एकाच मापाची, गोल आणि साफ करून घ्या, आणि त्यात भोकाला घासून बसतील असे १०.९ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) बोल्ट घाला. बोल्टचा आटा भोकाच्या आत यायला नको, भोकात फक्त गुळगुळीत अंग पाहिजे. दोन्हीकडं कडक वायसर, वर लॉक होणारा नट. घासून बसलेला बोल्ट रिव्हेटचंच काम करतो. मग पुढच्या वेळी क्लच काढणाऱ्याला दहा-बारा नट सोडायचे, एवढंच काम.

गुळाची_गाडी

डिझाइनवाली ताई, तुमचा प्रतिसाद मी अण्णांना वाचून दाखवला. "झिजणाऱ्या वस्तूच्या वाटेत न निघणारी पट्टी घालायची नसते" हे त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "दर क्लचला इंजिन काढायचो आम्ही. केबिनचं पुढचं लाकूड सोडवून, झाडाला साखळी कप्पी बांधून. चार दिवस गाडी उभी. चार दिवसांचं भाडं बुडायचं आणि वर मिस्त्रीची मजुरी." हप्ते चुकले की आई काय करायची ते पण त्यांनी सांगितलं, ते इथं लिहीत नाही.

मला इतके दिवस राग येत होता तो माझ्या शनिवार-रविवारचा. त्यांचं तर पोटच याच्यावर होतं.

कागलकर

एक शंका. गाडी चालू झाल्यावर व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येईल का? २०२१ ला नियम आले होते ना, ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हीए नंबर मिळतो म्हणून.

उलटे_आटे

ते नियम दुचाकी आणि घरगुती वापराच्या चारचाकी प्रवासी गाड्यांसाठी आहेत, मालट्रक त्यात बसत नाही. त्यांना फक्त अण्णांसमोर चालू करायचीय असं पहिल्या पोस्टमध्ये दिसतंय, तेव्हा तो विषय इथं नको वाढवायला.

फिटर_सातारकर

ब्रेक ड्रम काढताना एक ध्यानात ठेव. आत जी काळी भुकटी असेल ती कॉम्प्रेसरनं उडवू नको. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. आम्ही आयुष्यभर तोंडानं फुंकर मारून साफ केली, कुणी सांगितलंच नाही. माझ्याबरोबरचे दोघं खोकून खोकून गेले, कशानं ते डॉक्टरला माहीत, पण तू ओलं फडकं वापर, तोंडाला चांगला मास्क लाव, फडकं पिशवीत बांधून टाक.

गुळाची_गाडी

काका, तसंच करतो.

आता या शनिवार-रविवारचं सांगतो. सेल्फसाठी पाना वाकवायला घेतला. माझ्याकडं अण्णांच्या पेटीतला एक जुना इंग्लिश पाना होता, ७/१६ डब्ल्यू, त्याच्यावर तो आकडा अजून वाचता येतो. वाकवायला जीव होईना म्हणून दुसरा शोधत होतो तर पेटीच्या तळाशी, चिंध्यांच्या खाली, एक पाना सापडला जो आधीच वाकवलेला होता. दोन ठिकाणी. तोंडाजवळ एक आणि दांड्याच्या मध्यावर उलटा एक, इंग्रजी एससारखा. दांड्यावर छिन्नीनं कुणीतरी तीन आडव्या खाचा मारलेल्या. मी तो घेऊन गाडीखाली गेलो, स्टिअरिंग बॉक्सच्या मागनं आत घातला आणि तो त्या वरच्या बोल्टवर असा बसला की मला हातानं दाबावा पण लागला नाही. तिथं मी अडीच दिवस घालवले होते आणि पाना पेटीतच होता.

अण्णांना दाखवला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरून खाचांवरनं अंगठा फिरवला आणि म्हणाले, "तीन खाचा म्हणजे सेल्फ. दोन खाचा म्हणजे पंप. एक कशाची ते आठवंना." दोन खाचांचा पण सापडला. एक खाचेचा नाही.

फिटर_सातारकर

भावा ते पाने कुणाला देऊ नको, विकू नको. एक खाचेचा बहुतेक मॅनिफोल्डचा असणार, मागच्या स्टडचा. शेडमध्ये शोध, पडला असेल कुठंतरी.

लेथ_आणि_मी

त्या पान्यांचे फोटो आणि मापं इथं टाका. कोन किती, तोंडापासून किती अंतरावर वाकवलाय ते. मी कागदावर काढून ठेवतो. अशाच गाड्या अजून कुठंतरी शेडमध्ये उभ्या असतील, त्यांना उपयोग होईल.

गुळाची_गाडी

मापं: तोंडाच्या मध्यापासून ५५ मिमीवर पहिला वाक, साधारण ३५ अंश. तिथनं ९० मिमीवर दुसरा, उलट्या बाजूला, साधारण ४० अंश. दांडा कापून आखूड केलाय, एकूण लांबी १९० मिमी. फोटो रात्री टाकतो.

डिझाइनवाली

हा पाना म्हणजे त्या ड्रॉइंगमध्ये राहिलेली दुरुस्तीच आहे. फोटोची वाट बघतेय.

गुळाची_गाडी

मधले तीन आठवडे लिहायला झालं नाही, शेतातली कामं होती.

रिव्हेट काढले. बारा होते. पहिल्याला पाऊण तास, शेवटच्याला वीस मिनिटं. दोन भोकं आधीच थोडी अंडाकृती झालेली निघाली, म्हणजे रिव्हेट असूनही पट्टी हलत होती. कोल्हापुरात उद्यमनगरात एकांनी रीमरनं सगळी भोकं अर्ध्या इंचाची करून दिली आणि ताईंनी सांगितले तसे बोल्ट पण तिथंच करून मिळाले, अंग गुळगुळीत, आटा बाहेर. पट्टी काढली आणि गिअरबॉक्स जॅकवर घेऊन सरळ मागं ओढला. आला. शाफ्ट क्लचमधनं सुटताना जो हलकेच गचका बसतो तो दोन महिने माझ्या हाताला हवा होता.

क्लच प्लेट रिव्हेटपर्यंत झिजलेली आहे, फ्लायव्हीलवर गोल चरे पडलेत. प्लेटला नवीन लायनिंग लावून मिळेल, फ्लायव्हील लेथवर घासून घेतोय. इंजिन फिरतं का बघायला नोझल काढून सहाही सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल मिसळून ओतलं होतं आठ दिवसांपूर्वी, काल पुढनं हँडल लावलं तर आधी हललं नाही, मग इंचभर, मग अर्धा फेरा. अडकलेलं नाही.

चेकर्ड प्लेटला पण मी मास्टर सिलिंडरच्या बरोबर वर भोक पाडलं, ४ इंची, आणि त्याच्यावर बिजागरीचं झाकण बसवलं. आता पाय बाजूला घेतला की झाकण उघडून तेल दिसतं. अर्ध्या तासाचं काम होतं. अण्णा काठी टेकत आले, झाकण उघडलं, वाकून आत बघितलं, परत बंद केलं, परत उघडलं. काही बोलले नाहीत.

घाटमाथा

वाचताना डोळ्यात पाणी आलं राव. फोटो टाका झाकणाचा.

लेथ_आणि_मी

फ्लायव्हील घासताना जितकं घासाल तितकंच प्रेशर प्लेटची बसायची कड पण खाली घ्या, नाहीतर दाब कमी पडेल. लेथवाल्याला हे आधीच सांगा, बरेचजण विसरतात.

आणि ब्लॉकचे जे दोन आटे गेलेत त्यात मोठा बोल्ट ठोकू नका. भोक मोठं करून आतून-बाहेरून आटे असलेली बुश बसवा आणि आत मूळचा बीएसएफ आटाच ठेवा. पुढं ज्याच्या हातात गाडी जाईल त्याला २४ च्या २४ बोल्ट एका पान्यानं सुटले पाहिजेत.

गुळाची_गाडी

बरोबर, तसंच करणार. ५/१६ बीएसएफ, इंचाला २२ आटे, त्याचा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) मला उद्यमनगरात दोन दुकानांत नाही मिळाला. इथं कुणाकडं असेल किंवा कुठं मिळेल माहीत असेल तर सांगा, वापरून साफ करून परत देईन. आणि एक खाचेचा पाना सापडला. शेडमध्ये नव्हता. आईनं गेली वीस वर्षं तो चुलीतला निखारा ओढायला ठेवला होता.